सिग्नेटीचं पहिलं वर्ष: इंडियाना फुटबॉल, ११-२

चुनखडी
२२ जानेवारी २०२५

सोमवारी रात्री अटलांटात ओहायो स्टेटने नोटर डेमला ३४-२३ हरवलं आणि कॉलेज फुटबॉलचा हंगाम एकदाचा संपला. आता इंडियानाबद्दल लिहायला हरकत नाही. नोव्हेंबरातच लिहिणार होतो, पण "दृष्ट लावू नकोस" असा घरून दम मिळाला होता.

इथे अमेरिकन फुटबॉल बघणारे थोडे, त्यातही कॉलेजचा बघणारे फारच थोडे, म्हणून आधी पार्श्वभूमी. इंडियाना युनिव्हर्सिटी म्हणजे बास्केटबॉल. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, कोच बॉब नाइट, असेंब्ली हॉलमध्ये टांगलेले ते बॅनर. फुटबॉल हा बास्केटबॉल सुरू होईपर्यंतचा टाइमपास. २०२४ चा हंगाम सुरू झाला तेव्हा वरच्या श्रेणीत, इतिहासात सर्वाधिक सामने हरलेला संघ आमचाच होता. एका हंगामात दहा विजय? शंभराहून जास्त वर्षांत एकदाही नाही. १९४५ मध्ये नऊ, १९६७ मध्ये नऊ, संपलं. १९६७ च्या संघाने रोझ बोल गाठला आणि तिथे ओ. जे. सिम्प्सनच्या यूएससीकडून १४-३ ने हरला. शेवटचा बोल सामना जिंकला तो १९९१ मध्ये. मेमोरियल स्टेडियमबाहेरच्या मैदानावर टेलगेटिंगला (सामन्याआधी गाड्यांशेजारी खाणंपिणं) तोबा गर्दी, आत बाकं रिकामी. जे आत यायचे त्यातलेही बरेच जण हाफटाइमला बाहेर पडले की परतायचे नाहीत.

टॉम अ‍ॅलन हा आमचा आधीचा कोच, माणूस म्हणून सगळ्यांना आवडायचा. २०२० च्या कोविड हंगामात त्याने ६-२ (सहा विजय, दोन हारी) करून दाखवलं आणि लोक स्वप्नं बघायला लागले. पुढची तीन वर्षं: २-१०, ४-८, ३-९. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला काढलं, करार मोडण्यापोटी भरमसाट पैसे मोजून. आठवड्याच्या आत अ‍ॅथलेटिक डायरेक्टर स्कॉट डॉल्सनने जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीचा (पुढे जेएमयू) कोच कर्ट सिग्नेटी आणला.

वय तेव्हा ६२. वडील फ्रँक सिग्नेटी हे हॉल ऑफ फेममधले कोच. हा स्वतः २००७ ते २०१० अलाबामात निक सेबन या नामांकित कोचच्या हाताखाली, रिसीव्हर्सचा कोच आणि भरतीचा प्रमुख. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती नोकरी सोडली आणि कमी पगारावर डिव्हिजन टूमधल्या आययूपीत हेड कोच म्हणून गेला. (आययूपी म्हणजे इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया. म्हणजे बाबाची ही दुसरी इंडियाना.) मग ईलॉन, मग पाच वर्षं जेएमयू, तिथे ५२-९. हेड कोच झाल्यापासून जिंकण्यापेक्षा जास्त हरलाय असा एकही हंगाम नाही.

आल्या आल्या असेंब्ली हॉलमध्ये बास्केटबॉलच्या सामन्यात माइक हातात घेऊन त्याने पर्ड्यू, मिशिगन आणि ओहायो स्टेट या तिघांचा एका दमात उद्धार केला. नंतर एका पत्रकाराने विचारलं, मुलांना तुमचं स्वप्न पटवता कसं? उत्तर: सोपं आहे, मी जिंकतो, गूगल करा. पत्रकारांनी गूगल केलं असावं, पण पटलं नाही. हंगामाआधीच्या अंदाजात त्यांनी आम्हाला बिग टेनच्या (आमची कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांचा गट) अठरा संघांत सतरावं ठेवलं.

पुढचं थोडक्यात. एफआययू ३१-७, वेस्टर्न इलिनॉय ७७-३, यूसीएलएला त्यांच्या घरी ४२-१३, शार्लट ५२-१४, मेरीलँड ४२-२८, नॉर्थवेस्टर्न ४१-२४, नेब्रास्का ५६-७, वॉशिंग्टन ३१-१७, मिशिगन स्टेट ४७-१०, मिशिगन २०-१५. दहापैकी दहा. पहिल्या आठ सामन्यांत एक क्षणही पिछाडीवर नव्हतो. नवव्यात मिशिगन स्टेटने १०-० आघाडी घेतली आणि त्यानंतरचे ४७ गुण सलग आमचे. मग कोलंबसला ओहायो स्टेटकडून ३८-१५ हार, पर्ड्यूला ६६-०, आणि बारा संघांच्या पहिल्यावहिल्या प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात, २० डिसेंबरला, साउथ बेंडला नोटर डेमकडून २७-१७ हार.

आता माझा मुद्दा. जो तो याला चमत्कार म्हणतोय. मला ते पटत नाही. हा रोकडा हिशेब आहे. सिग्नेटीने जेएमयूहून तेरा खेळाडू आणले, शिवाय ऑफेन्सचा माइक शॅनाहन आणि डिफेन्सचा ब्रायंट हेन्स हे दोन्ही कोऑर्डिनेटर. इतर ठिकाणांहून आलेले धरले तर ट्रान्सफरचा आकडा तीसच्या आसपास. त्याचं सूत्र एकच: पोटेन्शियल नको, प्रॉडक्शन हवं. मोठी विद्यापीठं अठरा वर्षांच्या फाइव्ह-स्टार पोरांच्या मागे धावत असताना याने बावीस-तेवीस वर्षांचे, छोट्या कॉलेजांत तीन-तीन वर्षं खेळून घट्ट झालेले गडी उचलले. एज रशर मिकेल कमाराने दहा सॅक घेतले (सॅक म्हणजे पास देणाऱ्याला चेंडू सुटण्याआधीच पाडणं). लाइनबॅकर एडन फिशर शंभराच्या वर टॅकल्स. रिसीव्हर एलायजा सॅरट ९५७ यार्ड. कॉर्नरबॅक डीअँजेलो पाँड्स उंचीने पाच फूट नऊ, म्हणजे भरतीवाल्यांच्या लेखी बुटका. चौघेही जेएमयूचे. क्वार्टरबॅक, म्हणजे पास देणारा मुख्य खेळाडू, कर्टिस रुर्क ओहायो युनिव्हर्सिटीचा (ओहायो स्टेट नव्हे, अथेन्स गावातलं छोटं विद्यापीठ), मूळ कॅनडाचा. त्याने २९ टचडाउन पास दिले आणि फक्त पाच इंटरसेप्शन (समोरच्यांनी पळवलेले पास).

हे सगळे आधीही उपलब्ध होते. कुणीही घेऊ शकलं असतं.

बोला.

बॉयलर_बंड्या
२२ जानेवारी

६६-० हा आकडा मूळ लेखात इतक्या घाईघाईत लिहिल्याबद्दल आभार. वेस्ट लाफायेटहून, म्हणजे पर्ड्यूच्या गावातून, एवढंच.

पेठेतला_प्रेक्षक
२२ जानेवारी

मी पुण्यात बसून वाचतोय, या खेळातलं मला शून्य कळतं, तरी शेवटपर्यंत वाचलं. शंका: १) १० विजय म्हणजे फार का? आमच्याकडे आयपीएलला १४ साखळी सामने असतात. २) ट्रान्सफर म्हणजे विकत घेतात का? ही मुलं कॉलेजात शिकतात ना? ३) बोल म्हणजे काय?

चुनखडी
२२ जानेवारी

@पेठेतला_प्रेक्षक, १) नियमित हंगाम बारा सामन्यांचा, आठवड्याला एकच. अंगावर इतका मार बसतो की जास्त झेपतच नाही. त्यामुळे बारात दहा म्हणजे फार. ३) हंगाम संपल्यावर बऱ्या संघांना बक्षीस म्हणून मिळणारा एक जादा सामना. बारात सहा जिंकले की साधारण पात्र. २) चं उत्तर लांब आहे, कुणीतरी द्या.

निळी_शाई
२२ जानेवारी

मी देते. शिकतात. निदान हजेरीपटावर असतात (ह. घ्या.). पूर्वी कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. तो नियम सैल होत होत एप्रिल २०२४ मध्ये असा झाला की अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा बदला, लगेच खेळा. त्याआधी जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा मिळाली. कागदावर ती जाहिरातींची कमाई. प्रत्यक्षात माजी विद्यार्थी वर्गणी काढून निधी उभा करतात आणि त्यातून खेळाडूंना देतात. म्हणजे विकत घेतात का? हो, पण कुणी तसं म्हणत नाही.

आणि एक गोष्ट चुनखडींनी सोडली. कोविडमुळे २०२० च्या हंगामात जे संघात होते त्या सगळ्यांना खेळायला एक वर्ष वाढवून मिळालं होतं. २०२४ हे त्यातल्या बहुतेकांचं शेवटचं वर्ष. रुर्क त्यातलाच. हे जून झालेले खेळाडू दर वर्षी मिळणार नाहीत. सिग्नेटीने बरोबर वेळेवर बाजार गाठला.

शेनान्डोआकाठी
२३ जानेवारी

जेएमयूची माजी विद्यार्थिनी, मुक्काम हॅरिसनबर्ग. सगळे इंडियानाच्या परीकथेत किंवा हिशेबात गुंग आहेत म्हणून आमची बाजू.

२०२२ मध्ये आम्ही वरच्या श्रेणीत आलो. २०२३ मध्ये पहिले दहा सामने जिंकलो. गावात कॉलेज गेमडेवाले (सामन्याच्या गावी जाऊन होणारा टीव्ही कार्यक्रम) आले. तेव्हा नियम असा होता की वर चढलेल्या संघाला दोन वर्षं बोल खेळता यायचा नाही. त्यासाठी पत्रं लिहिली, वकील झाले, काही उपयोग झाला नाही. गेमडेच्या दिवशीच अ‍ॅपालाचियन स्टेटकडून जादा वेळेत २६-२३ हरलो. शेवटी बोलला पुरेसे पात्र संघ सापडले नाहीत म्हणून आम्हाला घेतलं. पण तोवर कोच इंडियानाला गेला होता आणि बोलची तयारी मागे राहिलेल्यांनी केली. एअर फोर्सकडून ३१-२१ हरलो.

मग पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) उघडलं आणि एकेक नाव जाहीर व्हायला लागलं. फिशर. कमारा. सॅरट. पाँड्स. जेलिन वॉकर. जेम्स कारपेंटर. अख्खं बिऱ्हाडच उचललं. मी त्या मुलांना दोष देत नाही, ज्या माणसाने हेरलं त्याच्यामागे ती गेली आणि चार पैसे जास्त मिळाले. पण इंडियानाने उभा केला म्हणता तो डिफेन्स आमच्या डोंगरात तयार झाला होता. चुनखडी म्हणतात "कुणीही घेऊ शकलं असतं". नाही हो. ती पोरं त्याच्याशिवाय कुणाकडे गेलीच नसती. हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात आमची पाच वर्षं धरा.

आणि आम्ही रडत बसलो नाही. नवा कोच बॉब चेसनी आला, सप्टेंबरात नॉर्थ कॅरोलायनाला त्यांच्याच मैदानावर ७०-५० हरवलं, एकूण नऊ सामने जिंकले, त्यातला शेवटचा बोका रेटन बोलमध्ये, वेस्टर्न केंटकीला २७-१७. शाळेच्या इतिहासातला पहिला बोल विजय. तो सिग्नेटीशिवाय मिळाला.

चुनखडी
२३ जानेवारी

@शेनान्डोआकाठी, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा चांगला आहे. "त्याच्याशिवाय कुणाकडे गेलीच नसती" हे मान्य. पण मग तेही माझ्याच बाजूने जातं: मैदानावर उतरलेला संघ नवा नव्हताच. आधीपासून एकाच भाषेत सिग्नल घेणारे अर्धा डझन डिफेन्सवाले आणि त्यांचाच कोऑर्डिनेटर. पहिल्या सामन्यापासून कुणी चुकीच्या जागी उभं दिसलं नाही ते त्यामुळे.

कोलंबसचा_काका
२३ जानेवारी

बकाय, म्हणजे ओहायो स्टेटवाला. सध्या आनंदात आहे, त्यामुळे सौम्य लिहितो.

११-२ छान दिसतं. पण हरवलं कुणाला? यूसीएलए, नॉर्थवेस्टर्न, मिशिगन स्टेट, पर्ड्यू: यांच्यातल्या एकालाही बोल मिळाला नाही. मेरीलँडलाही नाही. वेस्टर्न इलिनॉय तर खालच्या श्रेणीतला. अठरा संघांची बिग टेन झाल्यापासून प्रत्येकाला वेगळं वेळापत्रक मिळतं, तुम्हाला सोपं मिळालं. ऑरेगन नाही, पेन स्टेट नाही. एकच खरा पेपर होता, तो आमच्याकडे २३ नोव्हेंबरला झाला. पहिला टचडाउन तुम्ही केलात, कबूल. पण हाफटाइमच्या जरा आधी तुमच्या पंटरच्या (चेंडू लाथेने दूर मारून समोरच्यांना देणारा) हातून चेंडू सुटला, तिथून आम्ही १४-७. हाफनंतर केलेब डाउन्सने पंट घेतला आणि ७९ यार्ड पळाला. २१-७. खेळ खलास. रुर्कला पाच वेळा पाडलं. एक लाख लोकांच्या आवाजात तुमच्या ऑफेन्सिव्ह लाइनला स्नॅपचा (खेळी सुरू करायचा) इशाराच ऐकू जात नव्हता. हे मेमोरियल स्टेडियममध्ये शिकता येत नाही.

तेच नोटर डेमला. आदल्या तासात टीव्हीवर जाऊन कोचसाहेब म्हणाले की आम्ही पहिल्या पंचविसातल्या संघांना नुसतं हरवत नाही, धुतो (मूळ शब्द इथे चालणार नाहीत). आणि मग चौथ्या क्वार्टरमध्ये २०-३ मागे असताना पंट! हरायला घाबरतोस की हरणार हे मान्य केलंस?

वॉबॅश_किनारा
२३ जानेवारी

काका, वेळापत्रकाबद्दल बरोबर. पण दोन गोष्टी मांडून बघा.

इंडियाना हरली दोनदा: तुमच्याकडून आणि नोटर डेमकडून. राष्ट्रीय अंतिम सामना कुणाकुणात झाला? तुमच्यात आणि नोटर डेममध्ये. दोन्ही हारी परगावी.

आणि आदल्या वर्षी, म्हणजे २०२३ च्या हंगामाचा अंतिम सामना कुणात झाला होता? मिशिगन ३४, वॉशिंग्टन १३. दोघांनाही इंडियानाने या वर्षी हरवलं. दोघंही आधीचे राहिले नव्हते हे ठाऊक आहे, सांगायची गरज नाही. तरी "कुणालाच हरवलं नाही" हे जरा जास्तच होतं.

कोलंबसचा_काका
२३ जानेवारी

मिशिगनला हरवलं याचा राग मला येणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. 😀 आमच्याकडे मात्र त्याच मिशिगनने येऊन आम्हाला हरवलं, तो विषय नको.

पण तो २०-१५ चा सामना परत बघा. पहिल्या हाफनंतर तुमचा ऑफेन्स गायबच झाला. डिफेन्सने वाचवलं.

चुनखडी
२३ जानेवारी

पंटबद्दल माझ्याकडे बचाव नाही. ओरडून घसा बसला होता. नोटर डेमच्या अर्ध्यात होतो, चौथा डाउन (चेंडू पुढे न्यायची शेवटची संधी), अकरा यार्ड हवे होते. अकरा जास्त आहेत, पण तुम्ही १७ ने मागे आहात आणि डिसेंबरच्या थंडीत घड्याळ धावतंय. वर्षभर मारझोड करणारा माणूस त्या रात्री का आवरता झाला ते कळलं नाही. शेवटच्या दीड मिनिटात दोन टचडाउन झाले, म्हणून स्कोअर २७-१७ दिसतो. सामना तेवढा जवळचा नव्हता.

खरं वळण त्याच्या खूप आधी, पहिल्या क्वार्टरमध्ये आलं. रुर्कचा पास त्यांच्या गोललाइनजवळ झेव्हियर वॉट्सने पकडला. आपण टचडाउनच्या दारात होतो. पुढच्याच खेळीला जेरेमाया लव्ह ९८ यार्ड पळाला. अख्ख्या हंगामात ज्या डिफेन्सविरुद्ध कुणाला धावता आलं नव्हतं, त्याच्या मधोमध. तिथे सात गुण मिळायचे होते, उलट सात बसले.

रातराणी_शिकागो
२४ जानेवारी

रुर्कबद्दल बोलताना एक विसरू नका, या महिन्यात बाहेर आलंय. तो अख्खा हंगाम उजव्या गुडघ्याचा एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) फाटलेला असताना खेळला. ऑगस्टच्या सरावातच फाटला होता. मी फिजिओथेरपिस्ट आहे. काही लोक मांडीचे स्नायू इतके तयार करतात की सरळ रेषेत पळणं, चालणं जमतं. अवघड होतं ते पाय रोवून वळणं आणि अचानक थांबणं. क्वार्टरबॅकला नेमकं तेच लागतं, समोरून कुणी आलं की बाजूला सरकायला. आता ओहायो स्टेटचे पाच सॅक परत बघा. तो पळत का नव्हता ते दिसेल. त्यातच नेब्रास्काच्या सामन्यात उजव्या हाताच्या अंगठ्याला मार बसला, वॉशिंग्टनला खेळलाच नाही, टेव्हन जॅक्सन खेळला.

शस्त्रक्रिया पुढे ढकलून खेळायला देणं बरोबर होतं का, यावर माझं मत देणार नाही, त्याचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. पण ३,०४२ यार्ड एका गुडघ्यावर. दंडवत.

बॉयलर_बंड्या
२४ जानेवारी

म्हणजे ३० नोव्हेंबरला एका पायाच्या माणसाने आमच्याविरुद्ध सहा टचडाउन पास दिले. ही माहिती मला नसती मिळाली तरी चाललं असतं.

पेठेतल्या प्रेक्षकासाठी: इंडियाना आणि पर्ड्यू दर वर्षी एका लाकडी बादलीसाठी खेळतात. खरी बादली, १९२५ पासून. जो जिंकेल त्याच्या नावाचं अक्षर साखळीत ओवतात, आय किंवा पी. साखळीत आमची अक्षरं अजूनही बरीच जास्त आहेत, तेवढाच आधार. ६६-० हा त्या शंभर वर्षांतला सगळ्यात मोठा फरक. दुसऱ्या दिवशी आमचा कोच रायन वॉल्टर्स घरी गेला. १-११. एक कोच एका वर्षात काय करू शकतो याची दोन्ही टोकं याच राज्यात, दोन तासांच्या अंतरावर बघायला मिळाली.

मंडळाच्या संक्रांतीला गेलो तर तिळगुळ देताना प्रत्येक इंडियानावाला "सहासष्ट तीळ" म्हणत होता. गोड बोला कसलं!

पेठेतला_प्रेक्षक
२४ जानेवारी

बादली 😂😂 आता मात्र बघावंच लागेल.

एक विचारतो, वेड्यात काढू नका. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित विदर्भाचे कोच झाले आणि पहिल्याच हंगामात विदर्भाने रणजी जिंकली, कधी अंतिम फेरीही न गाठलेल्या संघाने. दिल्लीला इंदूरमध्ये हरवलं. तेव्हा आमच्याकडे हाच वाद झाला होता: श्रेय पंडितांच्या शिस्तीचं, की बाहेरून आलेल्या वसीम जाफर आणि गणेश सतीशचं? म्हणजे तुमच्याकडे तेरा जाफर आले असं समजू का?

निळी_शाई
२४ जानेवारी

@पेठेतला_प्रेक्षक, फरक आहे. जाफर आणि सतीश दोघंच, बाकी फैज फजल, गुरबानी, सरवटे विदर्भाचेच. आणि पुढच्या वर्षी बहुतेक तोच संघ पुन्हा उतरला, पुन्हा जिंकला. इथे पुढच्या वर्षी रुर्क नाही, कारपेंटर नाही, अर्धी लाइन नाही. खरी परीक्षा त्यामुळे आता आहे. एकदा बाजारातून संघ भरता येतो. दर डिसेंबरला भरता येतो का?

होजियर_हेमा
२४ जानेवारी

सगळे पोर्टल-पोर्टल करताय, मी स्टेडियमबद्दल लिहिते. ब्लूमिंग्टनला राहते, सीझन तिकीट अ‍ॅलनच्या काळापासून, म्हणजे दुःख जवळून पाहिलंय.

सिग्नेटी पहिल्या दिवसापासून लोकांच्या मागे लागला होता की आत या आणि आत थांबा. सप्टेंबरात कुणी ऐकलं नाही. नेब्रास्काच्या दिवशी तिकीट मिळेना. दुसऱ्या हाफमध्ये स्कोअर हाताबाहेर गेलेला, तरी माझ्या मागच्या रांगेतली पोरं उठली नाहीत. त्या सेक्शनमध्ये हे पूर्वी घडलेलं नाही. पुढच्या शनिवारी गेमडे आलं. गेमडेतला ली कोर्सो १९७३ ते ८२ आमचाच कोच होता, १९७९ चा हॉलिडे बोल त्याने जिंकून दिला होता, त्याच्यासाठी म्हातारी माणसं पहाटे अंधारात उभी होती. त्याच सामन्यात पाँड्सने वॉशिंग्टनचा पास पळवून थेट टचडाउन केला. बाजूचे अनोळखी आजोबा मला मिठी मारून रडले.

(अवांतर: २०२० चा आमचा मायकल पेनिक्स पुढे वॉशिंग्टनला जाऊन त्यांना अंतिम सामन्यात घेऊन गेला. आम्हीही पोर्टलमध्ये गमावलेलं आहे. जेएमयूच्या ताई, हे तुमच्यासाठी.)

आणि "आयात संघ" म्हणणाऱ्यांना एवढंच: त्या पोरांना गाव आवडलं. कमारा, फिशर, सॅरट, पाँड्स हे चौघेही २०२५ ला परत येतायत. पैशासाठीच आले असते तर आत्ता त्यांना जास्त देणारे खंडीभर होते.

शेनान्डोआकाठी
२४ जानेवारी

@होजियर_हेमा, वाचलं. चौघं परत येतायत हे ऐकून, खरं सांगते, मलाही बरं वाटलं. शनिवारी त्यांचा सामना लावतेच मी.

कोलंबसचा_काका
२५ जानेवारी

थांबले कारण कोच थांबला. नोव्हेंबरच्या मध्यावर, आमच्या सामन्याच्या एक आठवडा आधी, इंडियानाने त्याला नवा आठ वर्षांचा करार दिला, वर्षाला सरासरी ८० लाख डॉलर. आदल्या कराराच्या जवळपास दुप्पट. हंगाम संपायची वाटही बघितली नाही, आणि ते शहाणपणाचं केलं. डिसेंबरात निम्मी मोठी विद्यापीठं दारात उभी राहिली असती. फुटबॉलवर असे पैसे टाकायची इंडियानाची पद्धत नव्हती. माझ्या मते कोचपेक्षा मोठा बदल तो आहे.

चुनखडी
२५ जानेवारी

काकांशी सहमत, आणि हे लिहायला जड जातंय. अ‍ॅलनला काढायला पैसे, सिग्नेटीला ठेवायला पैसे, खेळाडूंच्या निधीला पैसे. बिग टेनच्या टीव्ही करारातून ते सगळ्यांकडेच येतात. आमच्याकडे ते इतकी वर्षं फुटबॉलमध्ये दिसत नव्हते.

@निळी_शाई, "दर डिसेंबरला भरता येतो का" याचं पहिलं उत्तर आलंय. नाताळच्या सुमारास कॅलिफोर्नियाचा, म्हणजे कॅलचा, क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा इंडियानाकडे यायला तयार झाला. त्याचा धाकटा भाऊ अल्बर्टो आधीपासून आमच्याच संघात क्वार्टरबॅक आहे. या वेळी छोट्या कॉलेजातला म्हातारा गडी नाही, मोठ्या कॉन्फरन्समध्ये खेळलेला, उंच, दोन वर्षं हातात असलेला. खरेदीची पद्धतच बदलली म्हणायची.

निळी_शाई
२५ जानेवारी

कॅलला तो बराच मार खायचा, त्यांच्या लाइनमुळे. चेंडू फार वेळ धरून ठेवतो असंही म्हणतात. शॅनाहनच्या पद्धतीत चेंडू लवकर सुटतो, बघू. पण पुढच्या वर्षी ऑरेगनला जायचंय, पेन स्टेटला जायचंय, आयोवाला जायचंय. काकांचा "सोपं वेळापत्रक" हा मुद्दा आपोआप निकालात निघेल, कुठल्या बाजूने ते सांगता येत नाही.

कोलंबसचा_काका
२५ जानेवारी

८-४. लिहून ठेवा. तिन्ही परगावचे सामने हरणार आणि एखादा घरचा.

होजियर_हेमा
२५ जानेवारी

१०-२. आयोवा आणि घरचे सगळे घेणार.

बॉयलर_बंड्या
२५ जानेवारी

कितीही घ्या, पण २८ नोव्हेंबरला आमच्याकडे येताना जरा हळू.

चुनखडी
२६ जानेवारी

९-३. पेन स्टेट आणि ऑरेगन जातील, आणि एक असा सामना जाईल ज्याचा आत्ता कुणी विचारही करत नाहीये. बादली मात्र इथेच राहणार, बंड्या.